चढावर बोलणाऱ्या सिस्टर

चढ लागला की सिस्टर बोलायला लागायच्या. आम्हा बाकीच्यांची बोलती नेमकी तिथेच बंद व्हायची. छातीचा भाता झालेला, मांड्या भरून आलेल्या, आणि शेजारून सिस्टरांचा निवांत आवाज, "काल आमच्या वॉर्डात काय झालं, सांगितलं का तुला?" मग डायलिसिसला येणारे कुणी हट्टी आजोबा, त्यांनी उशीखाली लपवलेले खजूर, ते शोधून काढणारी डाएटिशियन, आणि तेवढ्यात आजोबांना आलेली खोटी चक्कर, असं सगळं ऐकता ऐकता टेकाडाचा माथा यायचा. उतारावर मात्र त्या चकार शब्द काढायच्या नाहीत. मी एकदा उतारावर काहीतरी विचारलं, तर खाली पोचल्यावर म्हणाल्या, "उताराला कशाला गं सोबत? मजा एकट्याने करावी. चढाला माणूस लागतं."

कतारमध्ये चढ कुठून आणलास, असं तुम्ही म्हणाल. आमचे चिरंजीवही म्हणतात, आणि तेही इंग्रजीतून. दोह्यापुरता देश पाहिला तर तो पोळपाटासारखा सपाटच आहे. पण पश्चिमेला दुखानच्या वाटेने निघालात, हमरस्ता सोडून जुमैलिया, झिक्रीत अशा गावांकडच्या रस्त्याला वळलात, की जमीन हलके हलके वरखाली व्हायला लागते. पांढरी, ठिसूळ चुनखडी. सह्याद्री पाहिलेल्या माणसाने त्याला टेकडी म्हणावं की नाही हा प्रश्नच आहे, पण समोरून शमाल, म्हणजे उत्तरेचा वाळवंटी वारा, आला की तो प्रश्न पडत नाही. मध्येच शेळ्यामेंढ्यांचे वाडे, मातकट भिंतींची शेतं, एखादी छोटी मशीद, तिच्या बाहेर थंड पाण्याचा नळ. शुक्रवारी सकाळी या रस्त्यांवर चिटपाखरू नसतं. घरी परतेपर्यंत केसांपासून बुटांपर्यंत मी पांढरी झालेली असे, आणि नवरा पांघरुणातूनच विचारी, "आज कुठल्या शाळेचे फळे पुसलेस?"

सिस्टर मूळच्या वसईच्या. इथल्या एका हॉस्पिटलात त्यांची उभी हयात गेली. दोह्याच्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर दोन केरळी नर्सबायांबरोबर त्या राहायच्या, आणि त्यांची सायकल जिन्याखाली उभी असायची. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन येताना मी त्या सायकलवर आदळले, तीच आमची ओळख. आवाज ऐकून सिस्टर गाउनवरच बाहेर आल्या. त्यांनी माझा गुडघा दाबून पाहिला, घोटा फिरवून पाहिला, म्हणाल्या, "तुझं काही मोडलेलं नाही. आता हिचं बघते." आणि सायकलपाशी बसल्या. भांडायच्या तयारीत असलेली मी सांडलेली भाजी गोळा करायला लागले. चाक फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, "शुक्रवारी येतेस का?" मी म्हटलं, शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. "हात नाही, पाय लावायचे असतात," त्या म्हणाल्या, आणि विषय खलास.

आमच्यात तिसरा होता बापू. माण तालुक्यातला, एका कंपनीची पिकअप चालवणारा, एशियन टाउनजवळच्या कामगारांच्या कॅम्पात राहणारा. बायको-मुलं गावी. सुपरवायझरला विचारून शुक्रवारी तो पिकअप आणायचा, तिच्यात आमच्या सायकली आडव्या टाकायचा आणि शहर मागे पडलं की एखाद्या पेट्रोल पंपाशी गाडी लावायचा. त्याची स्वतःची सायकल एवढी जड होती की ती उतरवायला मलाही हात लावावा लागे. सिस्टरांना त्याने आईच्या जागी बसवलं होतं आणि त्यांचं एक अक्षर तो खाली पडू द्यायचा नाही. सिस्टरांना वेगाचं भारी वावडं. लुसैलच्या गुळगुळीत ट्रॅकवर चकचकीत कपड्यांतली मंडळी सायकली हाणायची, त्यांच्याविषयी त्या एवढंच म्हणायच्या, "त्यांना कुठे जायचंय कोण जाणे." स्वतः प्रत्येक गावात शिरताना पाय थांबवायच्या आणि दिसेल त्याला सलाम करायच्या. मेंढ्या राखणारा सुदानी असो, नळाशी तोंड धुणारा नेपाळी असो की भिंतीवरची मांजर.

या सलामांपायी एकदा बापूची पुरती शोभा झाली. जुमैलियात एका म्हाताऱ्या कतारी गृहस्थाने सिस्टरांच्या सलामाला उत्तर दिलं, आम्हाला हाताने बोलावलं आणि दारातल्या गालिच्यावर बसवून कहवा ओतला. आपल्याकडे पानात टाकू नये आणि यजमानाला नाराज करू नये, हे बापूच्या अंगात भिनलेलं. तो छोटा पेला रिकामा करायचा आणि अदबीने पुढे ठेवायचा. तिकडची रीत अशी की पेला हलवून परत दिला नाही तर यजमान ओततच राहतो. म्हातारा ओततोय, बापू पितोय. दोघेही एकमेकांचा मान राखतायत. बापूच्या कपाळावर घाम आला. शेवटी सिस्टरांनी त्याचा पेला घेतला, मनगटातून दोनदा हलवला आणि म्हाताऱ्याला म्हणाल्या, "शुक्रन." रस्त्याला लागल्यावर बापू कळवळून म्हणाला, "सिस्टर, आदी सांगायचं न्हाई व्हय? पोटात नुसता डोंब उसळलाय." सिस्टर म्हणाल्या, "मला वाटलं तुला आवडतंय." पुढे बराच वेळ त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

टेकाडावर बसलं की सिस्टर पिशवीतून सुकेळी काढायच्या. वाळवलेली केळी, केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधलेली. "पास्कूने पाठवलीत," असं म्हणून पुढे करायच्या. पास्कू म्हणजे त्यांचे यजमान. वसईला वाडी सांभाळायचे: केळी, पानवेल, थोडा भाजीपाला. लग्न झालं तेव्हा सिस्टरांना सायकल येत नव्हती. चर्चमागच्या गल्लीत संध्याकाळी सीट धरून त्यांना शिकवलं ते पास्कूंनी. "सगळी आळी दारात येऊन बघायची," सिस्टर सांगायच्या. "नवी सून पडते का याची वाट बघत. हा एकदाही मला पडू द्यायला तयार नाही." मग घराचं कर्ज आलं, सासऱ्यांचं आजारपण आलं, मुलीचं शिक्षण आलं, आणि सिस्टर इकडे आल्या. मुलगी शिकली, लग्न करून दूरदेशी गेली. सिस्टर इथेच राहिल्या. वर्षातून एकदा महिनाभर घरी जायच्या आणि रोज रात्री फोनवर बोलायच्या.

एका शुक्रवारी मी नवऱ्याशी कडाक्याचं भांडून आले होते. कारण अगदी फालतू होतं, पण सायकल चालवताना मी ते तोंडाने चालूच ठेवलं. झिक्रीतच्या वरच्या अंगाला आम्ही टेकलो, समोर समुद्राची निळी पट्टी, आणि मी अजून नवऱ्याचीच उणीदुणी काढतेय. बापू सुकेळी सोलता सोलता म्हणाला, "ताई, नशीबवान हाय तुमी."

"का रे बाबा?"

"भांडाय मिळतं तुमास्नी. आमच्या कॅम्पात नियमच हाय. फोनवर भांडायचं न्हाई. कायबी हू दे. बायकूनं म्हैस इकू दे, भावानं बांध कोरू दे, आपण म्हणायचं, बरं, बरं. कारण फोन ठिवला की ती तिकडं आन् आपण हिकडं. समजूत कोण काढणार? ती राती जेवली का न्हाई, त्ये तरी कसं कळणार? मागं एक जण भांडला, फोन आपटला, आन् आठ दिस बावचळल्यागत हिंडत हुता. तवापासनं समद्यांनी ठरवलंय. ग्वाड बोलायचं."

मी हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्या हातातल्या पानाच्या चिंध्या करत राहिल्या.

हिवाळा लागायच्या आतच सिस्टरांची साठी भरायची होती. म्हणजे नोकरी संपणार, व्हिसा संपणार. कुणी म्हणालं, मजा आहे, आता आरामात वाडीत बसा. सिस्टर "हो ना" म्हणायच्या. पण मला अल मन्सूरात एका प्रायव्हेट क्लिनिकबाहेर त्या भेटल्या आणि गडबडल्या. "सहज आले होते," म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही. दुसऱ्या एका क्लिनिकातही त्या नोकरीचं विचारून आल्याचं मला त्यांच्या फ्लॅटमधल्या केरळी बाईंकडून कळलं. मी सरळच विचारलं, "सिस्टर, पैशाची अडचण आहे का?"

"पैशाचं काय घेऊन बसलीस!" त्या म्हणाल्या. आम्ही जिन्याखाली त्यांच्या सायकलपाशीच उभ्या होतो. मग ब्रेकची तार उगाच ओढत म्हणाल्या, "मला घरी जायची भीती वाटते गं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"बापू म्हणाला ना, गोड बोलायचं. आम्ही तेच केलं. इतकी वर्षं. रोज अर्धा तास. जेवलास का, जेवलीस का, वाडीला पाणी दिलं का, ड्युटी कशी झाली. एकदासुद्धा आवाज चढला नाही. लोक म्हणतात किती गुणी जोडपं! पण मला तो माणूस ठाऊक आहे का? अर्धा तास मी कुणाशीही गोड बोलेन, वॉर्डात तेच करते. आता दिवसभर समोरासमोर बसायचं. काय बोलायचं? तो परका निघाला तर? मी परकी निघाले तर? साठाव्या वर्षी बाई माहेरी पण जाऊ शकत नाही."

शेवटचं वाक्य त्या हसून बोलल्या, पण डोळे भरले होते. मी त्यांचा हात धरला. या बाईंनी किती जणांच्या घाबरलेल्या हातात सुई सरकवली असेल, आणि स्वतःची भीती ही अशी आत दाबून ठेवली होती. मी म्हटलं, "मग त्यांना इकडे बोलवा ना. महिनाभर व्हिजिटवर. परक्या जागी तरी दोघं सारखीच परकी." "येतोय कसला! वाडी कोण बघणार?" त्या म्हणाल्या. पण विचारलं त्यांनी. आणि पास्कूभाऊ आले. वाडी चुलतभावाच्या हवाली करून, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आले.

उंच, सडसडीत, उन्हाने रापलेला माणूस. पांढरा शर्ट इस्त्रीचा. बॅगेत सुकेळी, कोलीमची, म्हणजे बारीक जवळ्याची, चटणी आणि कुणालाही नको असलेलं दुधी भोपळ्याचं बियाणं. फ्लॅटमधल्या बायकांनी त्यांच्यासाठी खोली मोकळी करून दिली होती. मी भेटायला गेले तर दोघं कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला आल्यासारखी बसलेली. "तू घे." "नाही, आधी तू घे." एसी लावू का, असं पास्कूभाऊंनी सिस्टरांना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, तुला हवा तर लाव. ते म्हणाले, तुला हवा असेल तर लावतो. शेवटी एसी कुणीच लावला नाही आणि आम्ही तिघंही घामाघूम होऊन चहा प्यायलो. दोन दिवसांनी सिस्टर वर माझ्याकडे आल्या. "आज कालवणात मीठ जास्त पडलं गं. तोंडात घालवत नव्हतं. आणि हा 'छान झालंय' म्हणाला. सगळं संपवलं त्याने." आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून त्या अक्षरशः रडल्या. खारट कालवण खाल्लं म्हणून नवऱ्यासाठी रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

पुढच्या शुक्रवारी पास्कूभाऊंना घेऊन निघालो. बापूने कॅम्पातल्या कुणाची तरी सायकल त्यांच्यासाठी आणली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सीट दोन बोटं वर केली आणि ताठ पाठीने असे निघाले की मागे केळीचे घड बांधलेलेच वाटावेत. पांढऱ्या टेकड्या बघून म्हणाले, "चुना फासल्यासारखं दिसतंय सगळं," आणि एवढं बोललो ते जास्त झालं की काय, अशा चेहऱ्याने सिस्टरांकडे पाहिलं. "हो ना, छान म्हणालास," सिस्टर म्हणाल्या. बापूने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली.

झिक्रीतच्या अलीकडे रस्ता एका टेकाडाला वळसा घालून जातो. त्याला छेद देणारी एक कच्ची वाट आहे, गाड्यांच्या चाकांनी पडलेली. सिस्टर म्हणाल्या, "इथून जाऊ, जवळ पडेल." पास्कूभाऊंनी उतरून बुटाच्या टोकाने माती उकरून पाहिली. काही बोलणार होते. मग म्हणाले, "तू म्हणशील तसं." आम्ही निघालो. टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला वाऱ्याने उडवून आणलेली मऊ पांढरी माती साठली होती. पास्कूभाऊंचं पुढचं चाक तिच्यात बसलं आणि ते हँडलवरून पुढे, हातांवर पडले.

सिस्टर सायकल टाकून धावल्या. आधी मनगट, मग कोपर, मग बोटं. सवयीने सगळं तपासून झालं. तळहात सोलवटला होता, एवढंच. "चाक रुतेल असं वाटलंच होतं," पास्कूभाऊ म्हणाले.

सिस्टर थांबल्या. "वाटलं होतं?"

"माती बघितली ना मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालीस, जाऊ. उगाच कशाला..."

"उगाच?" सिस्टरांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "उगाच? मी खड्ड्यात चल म्हटलं तर चलशील?" आणि पुढचं सगळं त्यांच्या घरच्या बोलीत सुरू झालं, जिच्यातलं मला निम्मं कळलं आणि बापूला काहीच नाही. माझ्या निम्म्यात एवढं आलं: मला न विचारता मागची खोली का बांधलीस. आणि मग, माझी आई आजारी होती तेव्हा मला का नाही कळवलंस. मला काळजी नको म्हणून? ती काळजी माझी होती, तू कोण ती ठेवून घेणारा? पास्कूभाऊ आधी खाली मान घालून ऐकत होते. मग एकदम त्यांनीही आवाज चढवला. तू सांगतेस का? तुझं ऑपरेशन झालं ते मला कधी कळलं? टाके सुकल्यावर! रोज 'ठीक आहे, ठीक आहे', तिकडे माणूस रात्रभर छपराकडे बघत विचार करतो, ते 'ठीक आहे' खरं की खोटं! चहूकडे पांढरं ओसाड, वर ऊन, आणि मध्ये ही दोन म्हातारी माणसं हातवारे करून भांडतायत. लांबच्या वाड्यातल्या उंटानेसुद्धा मान वळवली.

बापू कासावीस झाला. "ताई, सोडवाय पायजे. हातघाईवर येतील."

"येऊ दे," मी म्हटलं आणि त्याचा शर्ट धरून ठेवला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. हळूहळू दोघांची वाक्यं तुटत गेली. सिस्टरांनी बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं, पिशवीतून औषध काढलं आणि तोंडाने चालू ठेवूनच जखम पुसायला लागल्या. "जळतंय," पास्कूभाऊ म्हणाले. "जळू दे," सिस्टर म्हणाल्या. पट्टी बांधून झाल्यावर पास्कूभाऊंनी सायकल उचलली, चाक झटकलं आणि कुणाकडे न बघता एकटेच पुढे चालायला लागले.

"गेले की ओ ते," बापू म्हणाला.

सिस्टरांचा चेहरा घामाने आणि धुळीने माखला होता. त्यांनी माझा दंड गच्च धरला आणि कुजबुजल्या, "बघितलंस? रुसलाय." इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. मला रडू फुटलं, आणि ते लपवायची मला काही गरज वाटली नाही.

पिकअपपर्यंत पास्कूभाऊ बोलले नाहीत. परतताना ते पुढे बापूशेजारी बसले, सिस्टर आणि मी मागच्या सीटवर. शहर दिसायला लागलं तेव्हा त्यांनी पुढूनच विचारलं, "त्या दिवशी मीठ मुद्दाम घातलं होतंस?" सिस्टर ताठ झाल्या. "मुद्दाम? मुद्दाम कोण घालतं?" आणि घरापर्यंत पुन्हा सुरू. आम्हाला उतरवताना बापू मला बाजूला घेऊन म्हणाला, "समूर असलं म्हंजी बरं असतंय न्हाई, ताई." आणि गाडीत बसून निघून गेला. त्याची सुट्टी अजून लांब होती.

सिस्टर महिन्याअखेर गेल्या. निघायच्या दिवशी सायकल न्यायची की नाही यावर जंगी वाद झाला. पास्कूभाऊंचं म्हणणं, घरी दोन पडून आहेत. सिस्टरांचं म्हणणं, त्या तुझ्या आहेत. शेवटी सायकल सुटी करून खोक्यात भरली. एअरपोर्टवर सिस्टरांनी मला जवळ घेतलं, बापूच्या कपाळावर बोटाने क्रूस काढला. बापू कपाळ न पुसता तसाच ड्युटीवर गेला. मला त्या दिवशी घरी जाऊन काही करवेना. जिन्याखालची रिकामी जागा बघून वॉचमन खूश होता, त्याचाही राग आला. शुक्रवारी मी आणि बापू अजून जातो. गावात शिरताना पाय थांबवतो, दिसेल त्याला सलाम करतो. जुमैलियाच्या म्हाताऱ्याने एकदा बोटाने विचारलं, तिसरी कुठे? बापू म्हणाला, "घर. इंडिया. खलास." म्हाताऱ्याने हात छातीवर ठेवला.

मागच्या शुक्रवारी आम्ही तिथल्याच एका बोरीच्या सावलीत बसलो होतो. मी सिस्टरांना फोन लावला आणि बापूला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. त्या वाडीतच होत्या, मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. पानवेल कशी चढलीय, चर्चमध्ये मिस्साला चालत गेलं की गुडघा कसा दुखतो, सांगत होत्या. मध्येच "एक मिनिट हं," म्हणून त्यांनी फोन कुठेतरी ठेवला, आणि पलीकडे सिस्टरांचा आवाज चढला. पंप चालू ठेवून कुणी कुठे जातं का? पास्कूभाऊंचाही चढला. पंप कुणी लावला, आधी ते विचार! मग आळं फुटल्याचं, मग पाहुण्यांना दिलेल्या केळ्यांचं, मग कुठल्या तरी जुन्या लग्नातलं काहीतरी निघालं. बापू संकोचून म्हणाला, "ठिवा ताई. लोकांच्या घरातलं हाय." मी ठेवला नाही. थोड्या वेळाने बापूही सरकून फोनजवळ आला. आम्ही दोघं त्या पांढऱ्या मुलखात मान खाली घालून वसईतलं भांडण ऐकत बसलो.

बऱ्याच वेळाने सिस्टरांना धाप लागलेली ऐकू आली. "आहेस का गं अजून?"

"आहे ना सिस्टर. बोला."

"तू नंतर फोन कर," त्या म्हणाल्या. "आमचं अजून संपलेलं नाही."